चार्ज घेण्याची वेळ

गोपाळराव गोदामाच्या गेटवर कोसळले तेव्हा सात चाळीस झाले होते. ड्युटी आठची. म्हणजे ते कामावर असताना गेलेच नाहीत, असं सिक्युरिटी एजन्सीच्या कुशलसाहेबांचं म्हणणं. तेरावं झाल्यावर त्यांनी गोपाळरावांच्या मुलीला, निवेदिताला, बुलढाण्याच्या ऑफिसात बोलावून कागद पुढे सरकवला. 'ड्युटीपूर्वी नैसर्गिक मृत्यू. भरपाईची वारसांची कोणतीही मागणी नाही.'

"सही करा, ताई. राहिलेला पगार आजच देतो."

निवेदिताने पेनाला हात लावला नाही. बाबा रोज साडेसातला गेटवर असत. वर्दी चढवायची, एकेक कुलूप ओढून पाहायचं, सील तपासायचं, चाव्यांचा जुडगा ताब्यात घ्यायचा. याला चार्ज घेणं म्हणत. संध्याकाळी चार्ज देताना पुन्हा अर्धा तास. नऊ वर्षं हा वेळ कुणी मोजला नव्हता.

रात्रपाळीचा वॉचमन प्रेमानंद तिथेच भिंतीला टेकून उभा होता. मयतीच्या दिवशी त्यानेच सांगितलं होतं, "म्या एसटीले निघालो होतो, माय. पडल्याचा आवाज आला म्हणून फिरलो. जुडगा त्याच्या मुठीतच होता."

"काका, चार्ज कुणाकडे होता?"

त्याने साहेबांकडे पाहिलं. "माह्याकडं. आठ वाजेपावतर. गोपाळभाऊ आपले सहज येऊन बसले होते."

निवेदिताला त्याचा राग आला नाही. खरं बोलला असता, तर वेळेआधी गेट सोडणं त्याच्याच अंगाशी आलं असतं. धामणगाव बढ्याची गाडी चुकू नये म्हणून बाबाच त्याला लवकर मोकळं करत.

तिने साहेबांना विचारलं, "नवा माणूस ठीक आठला आला तर चालेल?"

"आठला घरून येतो तो काय कामाचा? आठला चाव्या घेऊन उभा पाहिजे. नाहीतर अर्धा दिवस कापतो मी."

"हेच लिहून द्या."

कुशलसाहेबांचा चेहरा उतरला. "हे तोंडी असतं, ताई."

"आणि तो अर्धा तास?"

"शिस्त म्हणतात त्याले!"

सही न करता ती हजेरीपटाच्या नकला घेऊन कामगार कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी पानं उलटली. येण्याची वेळ सगळीकडे आठ.

"अक्षर तुमच्या वडिलांचंच?"

"हो."

"मग आठच्या आधी आले होते, हे कशावरून म्हणायचं?"

निवेदिताने पानं आपल्याकडे ओढली.

"पहिल्या महिन्यात ते खरी वेळ लिहीत, ती पानं यात नाहीत. साहेबांनी झापलं. बाबांनी घरी येऊन मला विचारलं, काय करू? मी तेव्हा बी.एड.ला होते, फी भरायची होती. मी म्हटलं, लिहा ना आठ, बाबा. काय फरक पडतो?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ठेवू नका," निवेदिता म्हणाली. "माझ्या जबाबात हे पहिलं लिहा."