उलट्या गिअरचा चढ

"कॉर्पोरल, डोकं जरा डावीकडे घ्या. मागचं काही दिसत नाहीये मला."

"डोकं काढून मांडीवरच ठेवतो ना," मागच्या सीटवरून कॉर्पोरल वॅल्मंड म्हणाला. पण सरकला.

गाडी उलटी चढत होती. वळून वळून इर्मीन लारोंदची मान आखडली होती. चढावर पुढचा गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. रिव्हर्स तेवढा अजून धरत होता. म्हणून चढाच्या पायथ्याशी तिने गाडी फिरवली होती आणि आता समुद्राकडे तोंड करून ती डोंगर चढत होती. शेजारच्या सीटवर म्हातारी मा तितीन डोळे मिटून जपमाळ ओढत होती. डायलिसिसच्या दिवशी तिच्या बोटांत तेवढंच त्राण उरायचं.

पावाच्या दुकानाच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलंच. "इर्मीन! येतेयस की जातेयस?"

"तुझं तोंड चुकवतेय!" इर्मीनने मान न वळवता उत्तर दिलं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे या दोघांना वरच्या गावातून उचलायचं, खाली रोझो शहरातल्या हॉस्पिटलात सोडायचं, मशीन थांबेपर्यंत थांबायचं आणि परत आणायचं. इतक्या पहाटे बस वर येत नसे. बाकीच्या दिवशी तिच्या जपानी स्टेशन वॅगनमधून शाळेच्या मास्तरणी जायच्या, लग्नाचे केक जायचे, एकदा तर अडलेली बकरीही गेली होती. पण गाडी खरी या दोघांची होती, असं सगळं गाव धरून चालायचं. इर्मीनसुद्धा.

त्या सकाळी दोघं मशीनला लागल्यावर ती बंदराजवळच्या एका गॅरेजात जाऊन आली होती. तिथल्या माणसाने बॉनेटही उघडलं नाही. गिअरबॉक्स गेला म्हणाला. दुसऱ्या गाडीतला काढून बसवायचा, पाच हजार डॉलर. इर्मीनची गाडी आरशासकट विकली असती तरी तेवढे आले नसते. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मा तितीनच्या फाटकापाशी गाडी थांबली. म्हातारीने डोळे उघडले.

"काय म्हणाला गॅरेजवाला?"

"कुठला गॅरेजवाला?"

"माझ्या किडन्या गेल्यात गं, नाक नाही. सकाळपासून ग्रीसचा वास मारतेय तुझ्या अंगाला."

इर्मीनने आकडा सांगितला. मागे कॉर्पोरलने हलकेच शीळ घातली आणि मग ती कशाला घातली असं वाटून खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला खाली शहरात कुणीच नव्हतं. मा तितीनला तिथे मुलगा होता, सून होती.

"सुनेने खोली रंगवून ठेवलीय," म्हातारी आपल्या घराकडे बघत म्हणाली. चार खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, मागे दालचिनीची दोन झाडं. "एकदा खाली राहायला गेले की हे बंद. बंद घर इथे दोन पावसाळे टिकत नाही. गुलाबी रंग दिलाय म्हणे खोलीला."

"गुलाबी आवडतो तुम्हाला?"

"डुकरावर." ती दार धरून उतरली. "उद्या कुठे जातेस?"

"कथबर्टकडे. नदीकाठी. तो फक्त गिअरबॉक्सचंच काम करतो."

"मीही येणार."

"तुम्ही कशाला? विश्रांती घ्या की."

"डॉक्टर काय म्हणतो ते घरच्यांनी ऐकायचं असतं," असं म्हणून मा तितीन फाटक ढकलून आत गेली.

कथबर्ट म्हणजे पसरट हातांचा, कमी बोलणारा माणूस. फणसासारख्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली त्याचं दुकान. त्याने आधी मा तितीनला खुर्ची दिली आणि मगच गाडीकडे वळला. तेलाची पट्टी ओढून काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं नाकाशी नेलं.

"हे लाल असायला हवं," तो म्हणाला. फडक्यावर काळ्या कॉफीसारखा डाग होता. "वास घ्या. करपलेला पाव. शेवटचं कधी बदललंत?"

"बदलायचं असतं?" इर्मीनने विचारलं.

"अरे माझ्या देवा," खुर्चीतून मा तितीन म्हणाली. "माझं रक्त आठवड्यातून तीनदा गाळतात आणि हिचं कधीच नाही?"

कथबर्ट हसला नाही. "चालवून दाखवा, मिस इर्मीन. रोज चालवता तशी."

मा तितीनला खुर्चीतच बसवून ते दोघं निघाले. चॅपलपर्यंत ती गाडी उलटी घेऊन गेली. तिथे गाडी वळवली. इंजिन अजून थंड होतं, सपाटीला पुढचा गिअर कसाबसा धरत होता. उताराला लागल्यावर गाडी आपली आपण घरंगळायला लागली, इंजिनाचा आवाज एकदम विझला आणि उघड्या काचांतून वाऱ्याचा, बांबूंचा, खालच्या नदीचा आवाज आत आला. इर्मीनचे खांदे सैल झाले.

"हे काय केलंत?" कथबर्टने विचारलं.

"काय?"

"हात. तुमचा हात."

इर्मीनने खाली पाहिलं. तिचा डावा हात गिअरच्या दांडीवर होता आणि दांडी न्यूट्रलवर. हाताने हे कधी केलं ते तिला खरंच कळलं नव्हतं.

"उतारावर मी न्यूट्रलच टाकते," ती म्हणाली. "बाबांनी शिकवलं. केळ्यांचा ट्रक होता त्यांचा. डोंगरावरून थेट बंदरापर्यंत आणायचे, पेट्रोलचा थेंब न जाळता. एकही केळं काळं पडायचं नाही. लोक बघायला उभे राहायचे." ती हे नेहमी सांगायची तशीच सांगत होती, थोड्या ऐटीत. कथबर्टच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती थांबली.

"ट्रकचा गिअर हाताचा होता," तो म्हणाला. "ही बाई निराळी, ऑटोमॅटिक. हिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला पंप आहे आणि तो इंजिनावर चालतो. तुम्ही इंजिन झोपवता, चाकं आतला सगळा पसारा गरगर फिरवतात आणि त्याला पुरेसं तेल मिळत नाही. खाली आलात की भर वेगात परत गिअर. दर वेळी आतल्या क्लचची थोडी थोडी साल निघते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

आठवड्यातून तीनदा, इतकी वर्षं. इर्मीनने गाडी दुकानात आणली, बंद केली आणि किल्ली हातात धरून बसून राहिली. वाचवलेल्या पेट्रोलचं तिला कौतुक होतं. वडिलांनंतर या डोंगरावर इतकं अलगद कुणी उतरत नाही, याचंही होतं. बाहेर येऊन तिने मा तितीनला सगळं सांगितलं, काही न लपवता. "मीच मारली हो हिला."

म्हातारीने ऐकून घेतलं. "रडायचं असेल तर नंतर रड. तू खोल रे ती. आत काय उरलंय ते बघू."

कथबर्ट गाडीखाली शिरला. काळं तेल परातीत पडलं. मग त्याने गिअरबॉक्सच्या तळाचं ताट काढून आणलं आणि त्यातलं चुंबक मा तितीनसमोर धरलं, जणू गाडी तिचीच होती. त्यावर राखाडी चिखल होता. त्याने तो दोन बोटांत चोळला.

"हे नेहमीचंच. लोखंडाचे तुकडे नाहीत. हाडं शाबूत आहेत." मग फिल्टर दाखवला. जाळी दिसतच नव्हती, काळी पेंड साचली होती. "ही निघालेली साल. हिने फिल्टर बुजवला. रिव्हर्सचा क्लच वेगळा असतो, त्याला तेलाचा जोरही जास्त मिळतो, म्हणून तो धरतो. पुढचा झिजलाय, पण संपलेला नाही. त्याला जोर मिळत नाहीये."

"किती?" इर्मीनने विचारलं.

"नवा फिल्टर, नवं तेल. सहाशे."

"आणि बरी होईल?"

कथबर्टने हात पुसायला बराच वेळ घेतला. "होईल. नाहीतर नवं तेल ओतल्यावर कायमची बसेल. दोन्ही पाहिलंय मी. जुन्या गिअरबॉक्समध्ये कधीकधी घाणच धरून ठेवायचं काम करत असते. तसंच जुनं तेल घालून दिलं तर महिनाभर रिव्हर्स चालेल. मग तोही जाईल."

इर्मीनने परातीतल्या काळ्या तेलाकडे पाहिलं. महिनाभर तर महिनाभर, उलटं का होईना, या दोघांना वर नेता येत होतं. ते हातचं घालवायचं? झाडावरून एक पिकलेलं ब्रेडफ्रूट धप्पकन पडलं. कुणी दचकलं नाही.

"पहिल्यांदा मशीनला लावलं ना मला," मा तितीन म्हणाली, "तेव्हा डॉक्टर असाच बोलला होता. कदाचित हे, कदाचित ते. हात पुसत होता तोही." तिने दंडावरची पट्टी नीट केली. "ओत तेल."

कथबर्टने इर्मीनकडे पाहिलं. इर्मीनने मान हलवली.

"तेलाचे आत्ता द्या," तो म्हणाला. "माझे, गाडी तोंड पुढे करून डोंगर चढली तर. आज मात्र उलट्याच घरी जा, नवं तेल आत मुरू द्या. आणि उतारावर लहान गिअरमध्येच. हात आवरा."

गुरुवारी पहाटे गाडी डोंगर उतरली ती गुरगुरत. लहान गिअरमध्ये इंजिन मागे ओढत होतं, काचा थरथरत होत्या. चॅपलच्या वळणाआधी इर्मीनचा डावा हात दोनदा आपणहून दांडीकडे गेला. शेवटी तिने तो मांडीखाली दाबून ठेवला.

"आज फार आवाज करतेय," मागून कॉर्पोरल म्हणाला.

"उतारावर गिअर सोडायचा नाही असं सांगितलंय."

"बरोबरच आहे. न्यूट्रलमध्ये उतरणं गुन्हा आहे. पोलिसात असताना मी दंड करायचो लोकांना."

इर्मीनने आरशात पाहिलं. "मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

कॉर्पोरल वॅल्मंडने काच वर केली. बाहेर अजून अंधारच होता.

"बेडकांचा आवाज ऐकू यायचा," तो म्हणाला.

दुपारी परतताना चढाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली. मा तितीन झोपली होती, मान दाराकडे कलंडलेली. इर्मीनने लहान गिअर टाकला आणि पाय अगदी हळू दाबला. इंजिनाचा आवाज चढला. तो एकटाच चढत जाईल अशी तिला भीती होती, पण त्याच्याबरोबर गाडीही सरकली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पावाचं दुकान गेलं. चॅपलपाशी, सगळ्यात उभ्या चढावर, ती एकदा अडखळली. कॉर्पोरलने पुढच्या सीटची पाठ धरली, जणू त्याने ढकलल्याने काही होणार होतं. मग ते वळणही गेलं.

फाटकाशी आल्यावर मा तितीनला जाग आली. तिने आजूबाजूला पाहिलं, घर समोर होतं.

"चढली?"

"चढली."

"तोंड पुढे करून?"

"हो."

"मग उठवायचंस की मला."

"परवा बघा," इर्मीन म्हणाली.

म्हातारी दार धरून उतरली आणि सावकाश पायऱ्या चढून आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप आतून ढकलली गेली, अडली, पुन्हा ढकलली गेली आणि उघडली.

कॉर्पोरलचं घर अजून वर होतं. इर्मीनने दांडी पुढच्या गिअरवर आणली. क्षणभर काहीच झालं नाही. गिअर पडायला एवढासा वेळ लागतो, हे तिच्या आजवर कधी ध्यानात आलं नव्हतं. ती थांबली, दांडी न रेटता.

मग गाडीने धरलं.