पणजोबांचे चाळीस दात

पणजोबांचं शौर्यपदक बैठकीच्या खोलीत काचेत टांगलेलं होतं आणि त्याच्याच जोरावर बाबांनी जन्म काढला होता. ऑफिसात साहेबाने झापलं, शेजाऱ्याने कुंपण हातभर आत सरकवलं, तरी बाबांच्या तोंडून ब्र निघत नसे. घरात आले की मात्र म्हणत, "आपल्या अंगात कुणाचं रक्त आहे, ठाऊक आहे ना?"

म्हणून त्यांच्या वाढदिवसाला लेकीने वंशावळीच्या वेबसाइटवर पणजोबांची लष्करी नोंद हुडकून काढली. लेक दातांची डॉक्टर. बाबा आणि आत्या खुर्च्या ओढून तिच्या दोन्ही बाजूंना बसले.

"रंग तपकिरी," तिने वाचलं.

"आपला घरचा रंग!" आत्या म्हणाली.

"स्वभाव हट्टी. मागच्या बाजूने जवळ जाऊ नये."

"अगदी तुझे बाबा."

"दोन माणसांचं ओझं सहज वाहतो." बाबांची छाती फुगली. "दात चाळीस..."

तिची जीभ अडखळली. माणसाच्या तोंडात बत्तीसच दात मावतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने घाईघाईने पान खाली सरकवलं. नोंद खेचराची होती! पलटणीत खेचराची नोंद त्याला सांभाळणाऱ्याच्या नावाखाली होत असे, आणि सांभाळणारे होते पणजोबा. पदकही खेचराचंच. भर गोळीबारात बेशुद्ध पणजोबांना पाठीवर घेऊन ते एकटं डोंगर उतरून आलं होतं.

पदकाचा हा आधार काढून घेतला तर बाबांकडे उरणार काय? ती पान बंद करणार, तोच आत्याने चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचून टाकलं.

बाबा उठले. पदक काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसलं.

"तुझ्या पणजोबांचं लग्न या गोळीबाराच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं, बाबा."

"मग त्याला आपल्या वंशावळीत घे."

"अहो बाबा, खेचराला कसं..."

"घे म्हटलं ना!" बाबा गरजले. आत्या दचकलीच, भावाचा असला आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

लेकीने नवा चौकोन उघडला. वेबसाइटने विचारलं, मुलंबाळं किती?

"खेचराला पोरं होत नाहीत, बाबा. शून्य टाकते."

"शून्य कसं?" बाबा स्क्रीनकडे वाकले. "थोरला म्हणून आधी माझं नाव घाल. मग आत्याचं. मग तुझं."