पाचशे पिल्लं आणि एक नात

पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, डोकं तिरकं करायचं आणि डोळ्यात लसीचा एक थेंब सोडायचा. पिल्लानं डोळा मिटून उघडला, की मगच ते पलीकडच्या खोक्यात. कोंबडीवाला थेंब सोडत होता, त्याचा दाजी पिल्लू धरत होता. शेडमध्ये पाचशे पिल्लांचा नुसता कलकलाट. लसीची बाटली कोंबडीवाल्यानं बर्फात अशी जपून ठेवली होती, की पोटच्या पोरालाही त्यानं कधी इतकं जपलं नसेल.

दाराशी सून आली. कडेवर दीड वर्षाची पोर.

"मामंजी, नर्सबाई शाळेत बसल्यात. तासाभरात निघतील. हिचा गोवराचा दुसरा डोस राहिलाय."

"काही नको. सुतारानं पोराला टोचून आणलं, तरी पुरळ आलंच ना? मग उपयोग काय?"

"पण चार दिवसांत खेळायला लागला तो. बाई म्हणतात, दोन्ही डोस झाले की शंभरातल्या सत्त्याण्णव पोरांना गोवर होतच नाही."

"आणि उरलेले तीन? आपली पोर त्या तिनांत निघाली म्हणजे?"

दाजी फस्सकन हसला. बायको गेल्यापासून आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"मेव्हणे, मागच्या खेपेला लस देऊनही तुमची वीस पिल्लं मेली. तेव्हा नाही विचारलंत, उपयोग काय?"

"वीसच मेली! लस नसती तर शेड रिकामी झाली असती."

"वा! कोंबड्यांचं सगळं कळतं तुम्हाला. माणसाशी गाठ पडली की अक्कल कुठं जाते?"

"दाजी, तोंड सांभाळा."

"याच शेडच्या जाळीची गंजकी तार तुमच्या बहिणीच्या तळपायात घुसली. धनुर्वाताची सुई घेऊ का, म्हणून तिनं विचारलं. 'एवढ्याशा जखमेला कसली सुई' असं म्हणालं कोण? तुम्ही. आणि मान कोणी डोलावली? मी. दोन शहाणे! सगळ्या सुया वेळेवर घेतलेल्या माणसाला धनुर्वात सहसा शिवत नाही, हे मला डॉक्टरनं सांगितलं. ती कमानीसारखी वाकलेली असताना सांगितलं."

"तो विषय नको. पुढचं पिल्लू धरा."

दाजीनं दोन्ही हात काखेत घातले. "पोर टोचून परत आली, की धरतो."

"अहो, लस कालवलीय! दोन तासांत संपली नाही तर फुकट जाईल. साडेतीनशे पिल्लं राहिलीत, एकट्यानं कशी उरकू?"

"बसा विचार करत."

कोंबडीवाल्यानं बर्फाकडं पाहिलं. खोक्यांकडं पाहिलं. बहिणीचा विषय निघाला तेव्हा ज्याची पापणी हलली नव्हती, तो माणूस आता घामाघूम झाला.

"अगं, उभी काय राहिलीस? पळ!" तो सुनेवर ओरडला. "आणि लवकर ये, माझी पिल्लं मरतील!"

सून पोरीला घेऊन धावत सुटली. दाजी दाराबाहेर पचकन थुंकला.

"आजोबा म्हणे," तो म्हणाला.