मला भाकड म्हणाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून माझं नाव चांदरी. बेटेगावात दिनानाथबाबांच्या गोठ्यात मी जन्मले आणि इथंच माझी सारी वेतं झाली. माझ्या दुधाचा चहा पिऊन बाबांचा मुलगा केदार बोईसरच्या कारखान्यात कामाला जाई. पाहुणे आले की बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ही हाय म्हणून घर हाय."

माझी शेवटची पारडी वैतरण्याच्या एका घरी दिली. रस्त्यानं एखादं रेडकू ओरडत गेलं की अजून माझी मान वर होते. त्यानंतर मी गाभण राहिले नाही. दूध आटलं. मग गुरांचा व्यापारी जिवल्या आला, त्यानं माझी कास चाचपली आणि म्हणाला, "भाकड हाय. ठेवून काय करणार?"

थोड्याच दिवसांनी तो शब्द पुन्हा कानावर आला. केदार थकून घरी आला होता. बाबा सांगू लागले, "तुजी आय लगीन होऊन आली ना, तवा..."

"पुरे त्या भाकडकथा, बाबा!" केदार म्हणाला.

मला नवल वाटलं. दूध न देणारी ती भाकड, हे मला ठाऊक होतं. ज्या बोलण्यातून हाती काही लागत नाही, तेही भाकड असतं, हे तेव्हा कळलं. बाबा गप्प झाले. गोठ्यात येत, गवत टाकत, निघून जात. त्यांच्या आवाजासाठी मी झुरू लागले.

एक दिवस जिवल्या टेम्पो घेऊन आला. केदारनं माझं दावं सोडलं. तेव्हा बाबा पुढं आले आणि माझ्या पोटावर हात ठेवून उभे राहिले.

"तुजी आय घिवलीची," ते केदारला म्हणाले. "इथं तिला समुद्राची लय आठवण यायची. सांजचं गोठ्यात येऊन हिच्या आयच्या पोटाला कान लावायची. म्हणायची, आत लाटा वाजतात. तू कडेवर असलास की तुजापण कान लावायची."

केदारच्या हातातलं दावं सैल पडलं. "मला आईचा आवाजसुद्धा आठवत नाही, बाबा."

"म्हणून तर सांगत हुतो रे."

केदारनं माझं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. मग वळून म्हणाला, "जिवल्याकाका, टेम्पो रिकामाच न्या."

आता घरी पिशवीचं दूध येतं. माझी पारडी काही परत येणार नाही. पण संध्याकाळी केदार कामावरून आला की गोठ्यातल्या दगडावर बसतो आणि विचारतो, "मग पुढं?" बाबा सांगतात. कधी नावं विसरतात, कधी तीच गोष्ट पुन्हा सांगतात. केदार त्यांना थांबवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी बोलणं असंच बंद झालं असेल. त्यांच्याजवळ जरा बसा. आणि जाता जाता माझ्यासारखीला मूठभर हिरवं गवत घाला.