उन्हाची बाजू

नूरमोहम्मदला त्याची चूक सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उस्मानपुऱ्यात पत्र्याच्या छपरांचं आमचं दुकान वीस वर्षं भागीदारीत चाललंय, तेव्हा हे बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला? पण हात असा की बघत राहावं. फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत त्यानं घातलेलं एकही छप्पर गळत नाही. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात तो हातोडीनं स्वतःच्या नावाचा ठसा उठवतो. जरासा वाकडा बसला तरी पत्रा बाजूला टाकतो. ठशाचा खिळा कुलपात असतो. मी, कडुबा, भागीदार असलो म्हणून काय झालं, त्याला हात लावायची मलाही मुभा नाही.

त्याची लेक मंतशा कोकणात दिलीय, अगदी समुद्रकाठी. जावयानं घर बांधलं तेव्हा छप्पर नूरभाईनं इथून बनवून नेलं. "माझ्या नातवाचं लग्न ह्याच छपराखाली होईल," असं साऱ्या पाहुण्यांसमोर सांगून आला. नातू अजून रांगतोय आणि छपराला भोकं पडली.

परवा मंतशा दुकानात आली ती पत्र्याचे दोन तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून. बापलेक घरी दख्खनीत बोलतात, माझ्यासमोर मराठीत.

"अब्बा, सासरे छप्पर उतरवतायत. दुसऱ्याकडून घालणार होते. मी म्हटलं, अब्बाच घालतील. तर म्हणाले, आधी विचार, चुकलं काय ते त्यांना कळलंय का? नायतर पुन्हा तेच होईल."

 आता हा भडकणार, आणि लेकीला सासरी मान खाली घालून जावं लागणार. भडकलाच.

"समुद्राजवळ लोखंड सडणारच! त्यात माझी काय चूक?"

तिनं तुकडे टेबलावर ठेवले. एकाची चाळण झालेली, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. दुसरा मात्र धड.

"हा माझा नाय. दुसऱ्या कुणाचा तरी हाय," धड तुकडा बघून नूरभाई म्हणाला.

मंतशानं ओढणीनं कोपरा पुसला. त्याचाच ठसा. दोन्हींवर.

"दोन्ही वळचणीचेच, अब्बा. धड हाय तो माझ्या स्वयंपाकघराबाहेरचा. सासूबाई तिथल्या खिडकीचे गज विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुतात, खार बसू नये म्हणून. मी त्याच पाण्यानं पत्राही खालून धुवायला लागले, हात पुरंल तेवढा. वरून पाऊस धुतो. खालून कोण धुणार? खारं वारं तर खालूनच शिरतं."

नूरभाईनं सडका तुकडा उलटा केला. वरच्या बाजूला त्यानं दिलेला लाल रंग जागोजागी अजून टिकून होता. खाली नुसता उघडा पत्रा. आमच्याकडं असंच करतात. इथं पत्र्याचा वैरी एकच, ऊन, आणि ते वरून येतं. खालच्या बाजूला रंग फासणाऱ्याला लोक वेड्यात काढतील.

"हे मला आधी का नाय सांगितलं?" तो हळूच म्हणाला.

"फोनवर सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, पत्र्याचं काम कुणी कुणाला शिकवायचं, मी तुला का तू मला?"

मला हसू आवरेना, मी पाठ फिरवली. वळून बघतो तर त्यानं व्याह्यांना फोन लावलेला.

"भाईसाब, चूक माझी. पत्र्याची नाय, समुद्राची नाय. मी उन्हाचीच बाजू रंगवली. आता दोन्ही बाजू रंगवतो, कापलेल्या कडा बी. वळचण मात्र धुवावी लागंल. कशी, ते मंतशाला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

 वीस वर्षं या माणसाच्या हाताचं कौतुक केलं. त्याचं मन हातापेक्षा मोठं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यानं नवा पत्रा काढला, टेबलावर उलटा टाकला, कुलूप उघडलं आणि ठशाचा खिळा लेकीच्या हातात दिला.

"खालच्या बाजूला तू मार."

तिनं हातोडी उचलली. ठसा चांगलाच तिरपा बसला. सवयीनं मी पत्रा उचलायला गेलो. "नूरभाई, वाकडा झाला, दुसरा काढतो."

"हात लावू नको कडुबा," तो म्हणाला. "लई सरळ बसलाय."