क्लचवरचा पाय

गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली की पुढून ठक् ठक् असा जाड आवाज यायचा. क्लच दाबला की थांबायचा, सोडला की पुन्हा सुरू. उल्हासनगरच्या कॅम्पातला हासानंद कापडवाला गाडी विकत घ्यायची म्हणून सकाळी बघायला आला, तेव्हा त्याच्याही कानावर तो पडला.

“साईं, ये क्या बोलती है?”

कमळाकर हसला. “घरवाली सीखी थी इसपे. पाँव क्लच से उठाती ही नहीं थी. उसकी मेहरबानी.”

“औरत के हाथ की गाड़ी!” हासानंदही हसला. “देख के रखो क्या हुआ है. मैं दोपहर को आता हूँ.”

अंगणात त्याची मुलगी वृंदा धुणं वाळत घालत होती. ती हसली नाही. तिच्या आईला, मालिनीला, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

कमळाकर अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होता. ही काळी गाडी त्यानं सत्तेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. मालिनीला चालवायची हौस. शिवमंदिरामागच्या माळावर त्यानं तिला शिकवायला घेतलं आणि दर वळणाला ओरडू लागला, “मालिनी, पाय!” शेजारचे विष्णुपंत बांधावर बसून मजा बघायचे. पुढे ती बाजारात दिसली तरी ते म्हणायचे, “वहिनी, पाय!” मग तिनं गाडी सोडली ती सोडलीच. कमळाकरनं मात्र ती गोष्ट सोडली नाही. पाहुणे आले, आवाजाचा विषय निघाला, की तो तीच सांगायचा, आणि मालिनी चहाचे कप उचलून आत जायची.

तो बॉनेट उघडून पुढे उकिडवा बसला आणि त्यानं वृंदाला हाक मारली.

“आत बस. मी सांगेन तेव्हा डावीकडचं पेडल दाब. इंजिन बंदच आहे, भिऊ नकोस.”

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला जाड वाकडा दांडा. तो जागच्या जागी फिरावा, पुढेमागे सरकू नये, म्हणून त्याला पितळी चकत्यांचा अटकाव असतो. क्लचवर सारखा पाय राहिला की दांडा पुढे रेटला जातो आणि चकत्या झिजतात. दांड्याच्या पुढच्या टोकाला पट्ट्याची पुली असते. दांडा सरकला तर पुलीही सरकते.

कमळाकरनं पहारीनं पुली मागे ढकलली. “दाब.”

टक्कन पुली पुढे आली. केसभर सरकायला हवी होती, ही चांगली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली.

“चकत्या गेल्या,” तो म्हणाला. “तुझ्या आईच्या पायाला काय म्हणावं!”

“अण्णा,” वृंदा आतूनच म्हणाली, “चकत्या तुम्ही बदलल्या होत्या ना? या ओसरीवरच इंजिन खोललं होतं. आईनं तुम्हाला कंदील धरला होता.”

“मग?”

“तेव्हा तिनं गाडी सोडून कितीतरी दिवस झाले होते. त्यानंतर ती या जागेवर बसलीच नाही.”

कमळाकर हात पुसत उठला. “पेडलच कुठे अडकत असेल. सरक, मी बसतो. तू पुली मागे ढकल.”

तो बसला, एकदा क्लच दाबला, सोडला. वृंदानं पहार लावली.

“मागे जात नाही.”

“जोर लाव.”

“लावतेय. तुम्ही पाय काढा.”

“काढलाय.”

“मग जात का नाही?”

त्यानं खाली पाहिलं. त्याचा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला, घरात पायपुसण्यावर टेकावा तसा. पेडलच्या रबराची एक कड झिजून आतलं लोखंड दिसत होतं. ती त्याच्या बुटाची जागा होती.

त्यानं पाय उचलला. पुढे पुली मागे सरकल्याचा आवाज आला. वृंदानं पहार खाली ठेवली. ती काहीच बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

कारण त्या दिवशी मागच्या सीटवर वृंदाच बसली होती. कल्याणला दवाखान्यात नेताना मालिनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. फाटकापाशी गाडी थांबली आणि ठक् ठक् सुरू झालं. मालिनी डोळे मिटूनच म्हणाली होती, “माझ्यामुळेच ना हा आवाज? तुमची एवढी चांगली गाडी.” आणि तो म्हणाला होता, “असू दे आता.” मोठं मन केल्यासारखं.

आता त्याला बाहेर यायचं होतं, पण वृंदा पुढे उभी होती. तो दार धरून तसाच बसून राहिला.

दुपारी हासानंद आला. “क्या निकला, साईं? बाई का पाँव?”

“मेरा,” कमळाकर म्हणाला.

“क्या?”

“मेरा पाँव. उसका नहीं. पहिलेसे मेरा ही होगा.”

“अरे, किसी का भी हो,” हासानंदनं हात उडवला. “चकती तो नई डालनी है. चलो, एक चक्कर दिखाओ.”

किसी का भी हो. त्या माणसाला ते पटकन म्हणता आलं. ज्या घराघरांत कमळाकरनं ती गोष्ट सांगितली होती ती घरं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. तिथे जाऊन काय सांगणार, आणि कुणाला त्याचं काय?

गाडी निघाली. हासानंद शेजारी, वृंदा मागे. बांधावर विष्णुपंत बसले होते. कमळाकरनं गाडी थांबवली.

“विष्णुपंत, ते क्लचचं... मालिनीचं नव्हतं ते. माझाच पाय असायचा.”

विष्णुपंतांना आधी कळलंच नाही. मग ते हसायला गेले, पण त्याचं तोंड बघून थांबले.

“बरं,” ते म्हणाले. “वहिनींना ऐकायला हवं होतं.”

कमळाकरनं गाडी पुढे काढली. माळाच्या कडेनं रस्ता वळतो तिथवर गेला असेल नसेल, मागून वृंदाचा आवाज आला. हळू, ओरडून नाही.

“अण्णा, पाय.”

त्यानं पाय उचलला. पुढच्या वळणावर तो पुन्हा तिथेच होता.