टेकचंदच्या हॉटेलातला फोटो

माझा नवरा इश्वर लढाईत मेल्याची तार एकाहत्तरच्या डिसेंबरात अड्याळले आली. सासू गोदावरीबाई धान पाखडत होती. पोस्टमननं तार वाचली तशी ती सूप टाकून बसली. शेजारच्या बाया गोळा झाल्या.

तेवढ्यात टेकचंद पेपर घेऊन आला. बसस्टँडवर त्याचं चहाचं हॉटेल, भंडाऱ्याचा पेपर तोच पहिले उघडे. त्यातल्या फोटोत शत्रूच्या रणगाड्यावर बसून पाच जवान हसून राहिले होते. मधल्याची मान इश्वरसारखीच जराशी कललेली.

"काकी, तार परवा निघाली, पेपर आजचा हाय," टेकचंद म्हणाला. "मेलेला मानूस हसते का?"

झालं. सासूनं उठून चूल पेटवली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवन आनतात, त्याले कडू घास म्हनतात. चूल पाहून बाया आपापल्या घरी गेल्या.

गावानं पेढे वाटले. टेकचंदनं फोटो कापून हॉटेलात चिकटवला, शाळेतले पोट्टे येताजाता त्याले सलाम ठोकत. त्या फोटोत ना रक्त, ना रडनं. लोकाइले लढाई म्हनजे दिवाळीनंतरची मंडईची जत्राच वाटली. अन् मले रडाची चोरी. डोळे पुसले का सासू खेकसे, "जित्या मानसाले मारतं काहून वो?" पलटणीतून इश्वरची कपड्याइची पेटी आली, तरी म्हने, त्यानं सामान पुढं धाडलं. मले असा राग ये का काय सांगू.

शेवटी फागात, होळीच्या दिवसात, मी तिले साकोलीले नेलं. म्हटलं, फोटो मोठा करू, मग तुमच्या डोळ्यानं पाहा कोन हाय तो. फोटोवाल्या घनश्यामनं पेपरातला तो चेहरा थाळीएवढा करून हातात देल्ला. त्याच्यात नाक नाही, डोळे नाही. नुसते काळे ठिपके.

"पेपरची छपाई ठिपक्याइचीच राहते, बाई," तो म्हणाला. "मोठं केलं का चेहरा उरत नाही."

सासू कागदावरून बोट फिरवत राहिली. "माहा पोरगा कुठी हाय याच्यात?" तिनं विचारलं. मंग ती तिथंच बाकावर मोठ्यानं रडली, अन् मीही रडून घेतलं.

घरी येऊन आम्ही चूल पेटवली नाही. दार उघडं ठेवून बसलो. कोनी आलं नाही.

सकाळी मी हॉटेलात गेली. म्हटलं, "भाऊजी, तो फोटो काढा."

"कायले, वहिनी? लोकं पाहाले येतात. आपला इश्वर हाय तो." चहा पिनाऱ्याइनं माना डोलावल्या.

घरी सासू कालपासून उपाशी होती. मी चूल पेटवली, भात टाकला, अन् कडू घास आम्ही दोघीनं आपल्याच हातानं खाल्ला.